अंतिम सामन्याची धाकधूक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अंतिम सामन्यांचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी नियम, खेळाडूंच्या बदल्या आणि प्रशिक्षकांचे निर्णय यांविषयी विचारणारे फुटबॉलप्रेमी वाचक स्वतःच्या झोपेविषयी, भुकेविषयी आणि छातीतल्या धडधडीविषयी लिहू लागतात. या वेळी अशाच काही पत्रांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी इंडियन सुपर लीगमधील एफसी गोवा संघाचा पहिल्या हंगामापासूनचा पाठीराखा आहे. साखळी सामन्यांच्या वेळी मी निर्धास्त असतो. पण अंतिम सामना ठरला की आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटते, आणि संघ जितका चांगला खेळत असेल तितकी ती वाढते. २०१५ आणि २०१९ च्या पराभवांनी माझे मन हळवे झाले आहे, की या भीतीला खरोखर काही आधार आहे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आधार आहे, आणि तो आपल्या मनाच्या हळवेपणात नसून या खेळाच्या घडणीत आहे. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. ज्या खेळात गुणांची रास पडते, त्यात सरस संघाच्या एखाद्या चुकीची भरपाई पुढच्या तासाभरात होऊन जाते; फुटबॉलमध्ये मात्र नव्वद मिनिटे चेंडू स्वतःकडे राखणारा संघ एका कोपऱ्यावरच्या किकवर सामना गमावू शकतो. २०१० आणि २०१४ या दोन्ही विश्वचषकांचे अंतिम सामने प्रत्येकी एकाच गोलाने आणि तेही जादा वेळेत निकाली निघाले : पहिल्यात स्पेनच्या इनिएस्ताने ११६ व्या मिनिटाला, तर दुसऱ्यात जर्मनीच्या ग्योत्सेने ११३ व्या मिनिटाला गोल केला. साखळीतल्या अनेक सामन्यांत नशिबाचे दान कधी इकडे, कधी तिकडे पडून शेवटी कुवतीप्रमाणे क्रम लागतो; अंतिम सामन्यात नशिबाला तेवढी सवड मिळत नाही.

याचे अगदी जवळचे उदाहरण २०२४ चे आहे. १५ एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोहन बागानने मुंबई सिटीला २-१ असे हरवून साखळीतील अव्वल स्थानाची ढाल पटकावली. त्यानंतर १९ दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर तेच दोन संघ अंतिम सामन्यासाठी समोरासमोर आले. मध्यंतराला बागान एका गोलाने पुढे होता आणि साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांना दुसऱ्या करंडकाची खात्री वाटू लागली होती. उत्तरार्धात मुंबईने तीन गोल केले आणि ३-१ असा विजय मिळवला. आता या दोहोंपैकी श्रेष्ठ संघ कोणता, असे विचारले तर दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांकडे एकेक खणखणीत पुरावा आहे, आणि दोघेही प्रामाणिकपणे तो पुढे करतील.

आपल्या संघाचे म्हणाल, तर २०१५ मध्ये गोवा गुणतक्त्यात पहिला होता आणि अंतिम सामनाही घरच्या फातोर्डा मैदानावर होता. जोफ्रेने ८७ व्या मिनिटाला गोल करून गोव्याला २-१ अशी आघाडी दिली, तेव्हा स्टेडियममधील कोणत्याही समंजस माणसाने करंडक आपलाच मानला असता; पण अखेरच्या काही मिनिटांत गोव्याकडून एक स्वयंगोल झाला, लगोलग मेंडोझाने गोल केला आणि चेन्नईयिन ३-२ असा जिंकला. २०१९ मध्ये मुंबईत जादा वेळेतली शेवटची तीन मिनिटे उरली असताना मुंबईकर राहुल भेकेने हेडरवर केलेला गोल बेंगळुरूला विजेतेपद देऊन गेला. हे ज्याने पाहिले आहे, त्याला ८८ व्या मिनिटाला एका गोलाची आघाडी असतानाही बसवत नाही, यात दुबळेपणा कसला? त्याने खेळ नीट पाहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

संघ चांगला असला की भीती वाढते, हे आपले निरीक्षणही बरोबर आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याचा पाठीराखा मिळेल ते पदरात पाडून घेण्याच्या तयारीने येतो. ज्याने जिंकायलाच हवे, त्याच्या पाठीराख्याच्या वाट्याला हिरावले जाण्याची धास्ती तेवढी येते. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलला शेवटच्या लढतीत केवळ बरोबरी पुरणार होती. (रीतसर अंतिम सामना त्या वर्षी नव्हताच, साखळीतली ती अखेरची लढत होती, पण जगाने तिला अंतिम सामनाच मानले.) माराकाना स्टेडियममध्ये अधिकृत आकड्यानुसार १,७३,८५० प्रेक्षक होते, ब्राझीलने पहिला गोलही केला, आणि तरी स्कियाफिनो आणि घिज्जिया यांच्या गोलांवर उरुग्वे २-१ असा जिंकला. ब्राझीलने त्यानंतर पाच वेळा विश्वचषक जिंकला, तरी त्या दुपारची आठवण काही पुसली गेलेली नाही.

मात्र, याच हिशेबाची दुसरी बाजू आपल्या पत्रात आलेली नाही. जी अनिश्चितता सरस संघाच्या पाठीराख्याला छळते, तीच दुबळ्या संघाच्या पाठीराख्याच्या आशेला पाया देते. आपला संघ दुय्यम मानला जात असेल, तेव्हा आपण बिनदिक्कत आशा धरावी; ती भाबडी ठरत नाही.

प्रश्न : टायब्रेकर, म्हणजे बरोबरीतला सामना पेनल्टी मारून निकाली काढणे, हा निव्वळ जुगार आहे, असे माझे मित्र म्हणतात, आणि पेनल्टी सुरू झाल्या की टीव्ही बंद करतात. त्यांचे म्हणणे योग्य आहे काय?
— एक वाचक, वसई

उत्तर : टीव्ही बंद करणे हा ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, पण जुगार म्हणणे बरोबर नाही. खरा जुगार पूर्वी होता. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत नेपल्समध्ये इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील उपांत्य सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तेव्हा नाणे उडवून इटलीला अंतिम फेरीत पाठवण्यात आले. त्यापेक्षा पेनल्टी शतपटीने न्याय्य आहेत, कारण त्यांत खेळाडूची तयारी आणि धैर्य कामाला येते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये साधारणपणे चारपैकी तीन पेनल्टी गोलात जातात, म्हणजे अडवलेली प्रत्येक पेनल्टी पारडे फिरवते. २००६ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीचा गोलरक्षक लेमन याने मोज्यात एक चिठ्ठी ठेवली होती, आणि तिच्यावर प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूला मारतात याची टिपणे होती. कांबियास्सोचे नावच तिच्यावर नव्हते, तरी लेमनने त्याच्यादेखत चिठ्ठी उघडून वाचली आणि त्याची पेनल्टी अडवली.

मला मात्र या संदर्भात लक्ष्मीकांत कट्टीमनी अधिक आठवतो. वरील उत्तरात ज्या स्वयंगोलाचा उल्लेख आला, तो २०१५ मध्ये या गोव्याच्याच गोलरक्षकाच्या नावावर नोंदला गेला होता. २० मार्च २०२२ रोजी तो त्याच फातोर्डा मैदानावर, या वेळी हैदराबादकडून, अंतिम सामन्यात उतरला. समोर केरळ ब्लास्टर्सचा संघ होता, आणि या संघाने आधी २०१४ व २०१६ असे दोन अंतिम सामने गमावले होते. केरळ एका गोलाने पुढे असताना ८८ व्या मिनिटाला साहिल ताव्होरा या दुसऱ्या गोवेकराने बरोबरी साधली, सामना टायब्रेकरवर गेला आणि कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवून हैदराबादला ३-१ असा विजय मिळवून दिला. आपल्या मित्रांनी त्या रात्री टीव्ही बंद केला असेल, तर ते फार मोठ्या गोष्टीला मुकले. केरळच्या पाठीराख्यांना हे सांगण्याचे धाडस मात्र मी करणार नाही.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांच्या हृदयावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना अंतिम सामना पाहू द्यावा की नाही, यावर घरात दोन तट पडले आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ही काळजी अनाठायी नाही. २००६ चा विश्वचषक जर्मनीत सुरू असताना म्युनिक आणि परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे प्रसंग इतर दिवसांच्या तुलनेत २.६६ पट झाले. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट, तर स्त्रियांत १.८२ पट होते. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत सर्वाधिक रुग्ण आले, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. वर सांगितलेला चिठ्ठीचा सामनाही याच काळातला.

यावरून वडिलांना सामन्यापासून तोडावे, असे मात्र मला वाटत नाही. शेजारच्या घरातून उठणारा जल्लोष ऐकत आतल्या खोलीत पडून राहणे हृदयाला सुखाचे असते, असे कोणी समजू नये. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारावे आणि त्यांचा शब्द अखेरचा मानावा. परवानगी मिळाल्यास त्या दिवशीच्या गोळ्या वेळेवर द्याव्यात, जागरण असेल तर दुपारी झोप घ्यायला लावावी, मद्य, सिगारेट आणि जड जेवण टाळावे. सामन्याच्या वेळी त्यांना एकटे ठेवू नये आणि छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे यांपैकी काहीही झाल्यास ‘सामना संपू दे’ हे त्यांचे म्हणणे न ऐकता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

प्रश्न : आमच्या चाळीत मी सामना पाहायला बसलो की संघ हरतो, असा समज झाला असून या अंतिम सामन्याला मी बाहेर थांबावे असे मला सुचवण्यात आले आहे. मी काय करावे?
— एक ‘पनवती’ वाचक, गिरगाव

उत्तर : आपण आत बसावे. हजारो किलोमीटरवरच्या बचावफळीला आपण कोणत्या खुर्चीवर आहात, हे कळण्याचा मार्ग नाही. तरीही आपल्या शेजाऱ्यांना हसू नये, कारण पाठीराख्याची खरी अडचण हीच की त्याचे सर्व काही पणाला लागलेले असते आणि हातात मात्र काहीच नसते. तेव्हा खुर्ची, जुना शर्ट किंवा शेजारी, जे हाताशी सापडेल त्यावर तो ताबा मिळवू पाहतो. अर्जेंटिनात तर अशा रीती घरोघरी पाळल्या जातात आणि खेळाडूही त्यातून सुटलेले नाहीत. १९९० च्या विश्वचषकात गोलरक्षक गोयकोचेआ याने युगोस्लाव्हियाविरुद्धच्या टायब्रेकरआधी, नाइलाजाने, मैदानावरच लघुशंका उरकली. संघ जिंकला, म्हणून उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध त्याने तेच मुद्दाम केले, आणि संघ पुन्हा जिंकला. अंतिम सामन्यात मात्र ८५ व्या मिनिटाला ब्रेमेच्या पेनल्टीवर पश्चिम जर्मनीने निकाल लावला आणि टायब्रेकरची वेळच आली नाही. चाळकऱ्यांना हा दाखला द्यावा.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा आमच्या पेठेच्या संघासाठी जीव टाकतो. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो जेवत नाही, आणि हरल्यास शाळेत समोरच्या पेठेतली मुले चिडवतील म्हणून आतापासूनच रडवेला झाला आहे. त्याला शाहू स्टेडियमवर न्यावे काय?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : दूरदेशीच्या संघाचा पराभव टीव्ही बंद केला की घराबाहेर राहतो, कोल्हापुरात तो सकाळी दुधाच्या रांगेत आणि शाळेच्या बाकावर भेटतो. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावे तेथे केवळ संघांची नसून घरांची, गल्ल्यांची आणि नात्यांचीही आहेत. या ईर्षेने शहरात फुटबॉल टिकवला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही याच मातीतला. पण याच ईर्षेतून हुल्लडबाजी होऊन सामन्याला गालबोट लागल्याचे प्रसंगही कोल्हापूरकरांना नवे नाहीत.

मुलाला जरूर न्यावे, मात्र वडीलधाऱ्या माणसासोबत, आणि दोन्ही बाजूंच्या घोषणा देणाऱ्या कट्टर समर्थकांच्या गर्दीपासून दूर, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ बसवावे. निकालाच्या वेळी गर्दी उसळते. त्यामुळे शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच उठू नये, किंवा वातावरण तापलेले दिसल्यास आधीच निघावे. ‘हा फक्त खेळ आहे’ असे त्याला सांगू नये, कारण आपल्या घरात तसे कोणी मानत नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याऐवजी, आपला संघ हरलेला एखादा जुना अंतिम सामना आजोबांनी किंवा काकांनी त्याला रंगवून सांगावा. ज्या पराभवानंतरही ही माणसे पुढच्या वर्षी पुन्हा स्टेडियमवर गेली, त्याची हकिकत त्याच्या उपयोगी पडेल. जेवणाचा आग्रह धरू नये. भूक लागली की तो खाईल.

प्रश्न : मी दुबईत इंटरनेटवर सामना पाहतो, आणि गोल होण्याआधीच गावाकडच्या गटात ‘गोल!’ असा संदेश येतो. अंतिम सामन्यात हे कसे टाळावे?
— एक वाचक, दुबई

उत्तर : इंटरनेटवरील प्रक्षेपण उपग्रह किंवा केबलच्या प्रक्षेपणापेक्षा मागे असते, कधी अर्ध्या मिनिटाहूनही अधिक. सामन्याआधी फोन विमान-अवस्थेत टाकावा आणि करंडक उचलला जाईपर्यंत तसाच ठेवावा. त्याच फोनवर सामना पाहत असल्यास गट आठ तासांसाठी मूक करून सर्व सूचना बंद कराव्यात. गावाकडच्यांना मात्र हे आधी कळवावे, नाहीतर ते थेट दूरध्वनी करतील.