एक्स्टेंशनवर नाव कुणाचं?

ऑफिसच्या टेलिफोन मशीनबद्दल काही अडत असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. मोबाइल आल्यावर ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन (एक्स्टेंशन) आपसांत आणि बाहेरच्या लाइनना जोडणारं मशीन, कोण वापरतंय, असं संपादकांना वाटत होतं. पत्रांचा गठ्ठा बघून त्यांनी जागा वाढवून दिली. पतसंस्था, दवाखाने, शाळा, मंगल कार्यालयं, सगळीकडे भिंतीवर ती पांढरी पेटी आहेच, आणि ती लावून देणारा माणूस बहुतेक ठिकाणी आता फोन उचलत नाही.

मी स्वतः साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डवर ऑपरेटर होते. कोण कुणाला शोधतंय, कुणाला साहेबांकडे द्यायचं आणि कुणाला ‘साहेब शेतावर गेलेत’ म्हणून सांगायचं, हे सगळं आमच्या डोक्यात असायचं. बोर्ड गेला, मशीन आलं, आणि मी मशीन प्रोग्रॅम करायला शिकले. मशीनच्या डोक्यात ते आपोआप येत नाही, घालावं लागतं.

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेत पॅनासोनिकचं ३ लाइन, ८ एक्स्टेंशनचं मशीन आहे. मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर डिस्प्लेचा फोन आहे. कर्ज विभागातून कुणीही फोन केला तरी त्यावर निवृत्त झालेल्या जुन्या साहेबांचंच नाव येतं. नवे साहेब चिडतात. नाव आम्हाला बदलता येईल का, की माणूसच बोलवावा लागेल? – एक क्लार्क, विटा

उत्तर : माणूस बोलवू नका. नाव बदलायचं काम चहा गार व्हायच्या आत होतं. तुमच्या वर्णनावरून मशीन टीईएस ८२४ दिसतंय. मुळात ३ लाइन, ८ एक्स्टेंशन, आणि कार्डं घालत गेलं तर ८ लाइन, २४ एक्स्टेंशनपर्यंत वाढतं.

पहिल्या जॅकला जोडलेला डिस्प्लेचा फोन शोधा. रिसीव्हर न उचलता ‘प्रोग्रॅम’चं बटण दाबा, मग स्टार, मग हॅश, मग पासवर्ड. कुणी बदलला नसेल तर तो १२३४. स्क्रीनवर प्रोग्रॅम नंबर विचारला की तुम्ही आत पोचलात. पुस्तिकेत ‘एक्स्टेंशन नेम’समोर तीन आकडी नंबर छापलाय, तो द्या. आता इथे लोक हमखास अडखळतात. मशीन पुढे विचारतं तो जॅकचा नंबर, एक्स्टेंशनचा नाही. मशीनवर कितव्या सॉकेटमध्ये वायर गेलीय, तो. कर्ज विभागाचा फोन १०४ असेल म्हणून जॅक चौथाच असेल असं नाही. मधे कुणी नंबर बदलून ठेवलेले असतात. आधी त्या जॅकवर आत्ता कुणाचं नाव आहे ते स्क्रीनवर वाचा. जुन्या साहेबांचं नाव दिसलं तर पत्ता बरोबर.

अक्षरं इंग्रजीच. २ चं बटण एकदा दाबलं की ए, दोनदा बी, तीनदा सी, जुन्या मोबाइलवर मेसेज लिहायचो तसं. या जातीच्या जुन्या मशीनांत नावाला जागा दहाएक अक्षरांची. लिहून झालं की ‘स्टोअर’. एक बीप आली तर घेतलं, तीन बीप आल्या तर नाकारलं, पुन्हा करा.

आता मुद्द्याचं. तिथे नव्या साहेबांचं नाव घालायला निघाला असाल तर थांबा. माणसाचं नाव घालू नका, टेबलाचं घाला. लोन, कॅश, ठेव, वसुली, शिपाई. बदल्या होतात, माणसं निवृत्त होतात, टेबल तिथेच राहतं. तुमचा आजचा प्रश्न त्यातूनच आलाय. एकाच टेबलावर दोघं बसत असतील तरी हेच. फक्त अध्यक्षांच्या फोनला त्यांचं आडनाव घातलेलं बरं. तो तांत्रिक प्रश्न नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

बाहेरच्या ठेवीदारांची, बँकेची नावं स्क्रीनवर हवी असतील तर तेही होतं, पण तुमच्या लाइनला कॉलर आयडी सुरू हवा आणि मशीनमध्ये त्याचं कार्ड हवं. नावं जुळत नाहीत अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा कॉल लॉग उघडते. नंबर तिथे शून्यासकट दिसतोय की शून्याशिवाय? जसा येतोय तसाच मशीनमध्ये साठवायचा. मशीन आकडे जुळवतं, समजून वगैरे काही घेत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या ऑफिसातून मोबाइल लागतात, पण स्टाफरूम आणि प्रयोगशाळेतल्या फोनवरून एकही मोबाइल लागत नाही. लोकल लॅंडलाइन लागते. पूर्वी लागायचे. लाइनमन येऊन ‘लाइन ओके’ लिहून गेला. – मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : लाइनमन खरं तेच बोलला, बाई. दोष लाइनचा नाही, कुलपाचा आहे.

१५ जानेवारी २०२१ पासून लॅंडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं. त्याआधी आपल्याच सर्कलमधला, म्हणजे टेलिफोन खात्यानं आखलेल्या आपल्या विभागातला, मोबाइल थेट दहा आकड्यांनी लागायचा, शून्य फक्त बाहेरच्या सर्कलला. मोबाइलसाठी अडीचशे कोटींहून जास्त नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणून हा नियम आला. पण आपल्याकडच्या मशीनांत एसटीडी लॉक कसा लावलेला असायचा? पहिला आकडा शून्य आला की कापा. स्टाफरूमला एसटीडी बंद ठेवायचा त्या काळी तोच सोपा उपाय होता. नियम बदलला त्या दिवशी तुमच्या सगळ्या मोबाइलना शून्य लागलं, आणि जुनं कुलूप त्यांच्यावर बसलं. ऑफिसच्या एक्स्टेंशनला कुलूपच नव्हतं, म्हणून तिथून लागतात.

मशीनच्या टोल रिस्ट्रिक्शनच्या, म्हणजे कुठले नंबर लागू द्यायचे नाहीत त्याच्या, तक्त्यात शून्याची बंदी काढा आणि ००ची ठेवा. ०० म्हणजे परदेश, ते बंदच बरं. ज्यांना एसटीडी तरीही आवरायचाय त्यांनी ०६, ०७, ०८, ०९ एवढंच मोकळं करावं, कारण मोबाइल ६ ते ९ नेच सुरू होतात. त्यात पुण्याचा ०२० आणि मुंबईचा ०२२ बंद राहतात, पण नागपूरचा ०७१२, अमरावतीचा ०७२१, अहमदाबादचा ०७९, बंगळूरचा ०८० हे मोकळे सुटतात. आकडे मोजून वेगळं करावं म्हटलं तर तेही होत नाही. दोन्हीकडे शून्यानंतर दहाच आकडे. हल्ली बहुतेक प्लॅनमध्ये देशभर बोलणं फुकट असतं, तेव्हा एवढी गस्त घालायची का, ते बिल बघून तुम्हीच ठरवा. मी तरी शिक्षकांना नागपूरला फोन करू दिला असता.

आणखी एक. स्पीड डायलमध्ये पालकांचे, बसवाल्यांचे मोबाइल २०२१ च्या आधी भरलेले असतील तर ते शून्याशिवाय आहेत. ते सगळे बदलावे लागतील. हे काम कंटाळवाणं आहे, एखाद्या पावसाळी शनिवारी करा.

प्रश्न : रात्री ८ नंतर दवाखान्याचा फोन माझ्या मोबाइलवर यावा असं मशीनमध्ये केलंय. पण कधीकधी सकाळी बघतो तर दोन्ही लाइन ‘बिझी’, कुणी बोलत नसताना. मशीन बंद करून चालू केलं की ठीक होतं. आणि गेल्या आठवड्यात दुपारी ४ वाजता पेशंटना ‘दवाखाना बंद आहे’ ऐकू आलं. – एक डॉक्टर, बार्शी

उत्तर : डॉक्टरसाहेब, तुमचे आजार दोन आहेत.

पहिला. पेशंटचा फोन एका लाइनवर येतो, मशीन तो तुमच्या मोबाइलवर द्यायला दुसरी लाइन घेतं. एका पेशंटनं दोन्ही लाइन अडवल्या. त्या वेळात दुसऱ्याला एंगेजच मिळणार. बोलणं संपलं की पेशंटही ठेवतो, तुम्हीही ठेवता, पण मधल्या मशीनला हे कळायला हवं ना. साध्या तांब्याच्या लाइनवर ‘समोरच्यानं ठेवलं’ हे कळायला एक्स्चेंजकडून खूण यावी लागते, एकतर लाइनची ध्रुवता (अधिक-उणे) उलटणं किंवा क्षणभर करंट तुटणं. ती येत नसेल किंवा मशीन ती बघत नसेल, तर दोन लाइन एकमेकींशी गप्प बसून बोलत राहतात. बाहेरून बाहेर जाणाऱ्या कॉलला मशीनमध्ये वेळेची मर्यादा असते. ती कुणीतरी काढून टाकलेली दिसते. १० मिनिटांवर ठेवा.

त्याहून बरं म्हणजे रात्रीचं फॉरवर्डिंग मशीनमधून करूच नका. टेलिफोन कंपनीकडून लाइनवरच कॉल फॉरवर्डची सोय घ्या. मग कॉल एक्स्चेंजमधूनच वळतो, तुमच्या दवाखान्यात येतच नाही आणि लाइन अडत नाही. गैरसोय एवढीच की ते रोज लावायचं आणि काढायचं काम कंपाउंडरचं, आणि तो विसरला की सकाळचे फोन तुमच्या घरी.

दुसरा आजार घड्याळाचा. दिवस, रात्र, जेवणाची सुट्टी हे मोड मशीन आपल्याच घड्याळावर बदलतं. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ कुठेतरी भलतीकडे जातं, आणि मशीनच्या मते रात्र होते. बॅटरी बदला, तारीख-वेळ लावा. बॅटरी काढायच्या आधी सगळ्या सेटिंगची प्रत कॉम्प्युटरवर किंवा निदान वहीत उतरवून ठेवा.

मोडला हात लावताच आहात तर एक करा. दिवसा पहिली घंटी कुठे, किती सेकंद, मग कुठे, हे रिसेप्शनच्या बाईंना विचारून कागदावर लिहा. तुमच्या डोक्यातलं नको, त्यांच्या अनुभवातलं. बहुतेक मशीनं सेकंदात मोजतात. आपल्याकडच्या लाइनची ट्रिंग-ट्रिंग आणि मधली शांतता मिळून ३ सेकंदांची. ‘चार घंट्यांनंतर आत द्या’ म्हणजे १२ सेकंद. इंजेक्शन देत असलेल्या माणसाला १२ सेकंद पुरत नाहीत.

प्रश्न : आमच्या छोट्या रुग्णालयात जिन्यात ठिणग्या उडाल्या तेव्हा आयाबाईंनी १०१ लावला, तर रिसेप्शनचाच फोन वाजला! हे असं कसं? – एक व्यवस्थापक, डोंबिवली

उत्तर : कारण तुमचं रिसेप्शन १०१ आहे. खूप मशीनांत मुळातच एक्स्टेंशन १०१ पासून सुरू होतात. आठ एक्स्टेंशन म्हणजे १०१ ते १०८. त्यात अग्निशमनचा १०१ गेला, रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ दोन्ही गेले. खऱ्या अग्निशमनला तुमच्याकडून आधी बाहेरच्या लाइनचा ९ दाबून १०१ लावावा लागतो, आणि जिन्यात ठिणग्या उडताना ९ कुणाला आठवतो?

अमेरिकेत याची किंमत एका कुटुंबानं मोजली. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावच्या हॉटेलात कॅरी हंट या बाईवर जीवघेणा हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून पुन्हापुन्हा ९११, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, लावत राहिली. फोन लागेना, कारण आधी बाहेरच्या लाइनसाठी आणखी एक ९ हवा होता. आई गेली. त्यातून २०१८ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० पासून तिथे बसवल्या जाणाऱ्या अशा मशीनवरून थेट ९११ लागलाच पाहिजे, आणि त्याची सूचना त्याच वेळी काउंटरला किंवा अशाच ठरलेल्या जागी मिळाली पाहिजे.

तुम्ही कायद्याची वाट बघू नका. नंबरिंग बदलून एक्स्टेंशन २०१ पासून न्या, म्हणजे १ ने सुरू होणारे नंबर मोकळे होतात. मग तुमच्या मशीनमध्ये आणीबाणीच्या नंबरांचा तक्ता असेल तर १०१, १०८ आणि ११२ त्यात घाला, म्हणजे काही मशीनं ९ शिवायही ते बाहेर सोडतात. तुमचं सोडत नसेल तर प्रत्येक फोनवर ‘९-११२’ची चिठ्ठी चिकटवा, आयाबाईंना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, मराठीत. कुलूप लावलेल्या एक्स्टेंशनवरूनही हे नंबर लागतात का, ते प्रत्येक फोनवरून लावून बघा. समोरून उचलला की चाचणी आहे असं सांगा आणि माफी मागून ठेवा.

प्रश्न : आमचं परदेशी एकही गिऱ्हाईक नाही, तरी बिलात परदेशचे कॉल आले. – एक व्यापारी, इचलकरंजी

उत्तर : मशीनचा पासवर्ड अजून १२३४ आहे ना? आणि बाहेरून फोन करून आतला नंबर दाबायची ‘डिसा’ची सोय चालू? त्या वाटेनं कुणीतरी आत आलं आणि तुमच्या लाइनवरून बाहेर पडलं. आजच पासवर्ड बदला, ०० बंद करा, डिसामधून बाहेरची लाइन मिळणं बंद करा. नवा पासवर्ड मात्र लिहून तिजोरीत ठेवा. तो हरवला तर बऱ्याच मशीनांत सगळं पुसून पहिल्यापासून भरणं एवढाच मार्ग उरतो.

प्रश्न : लेखापालांचा फोन वाजतच नाही, पण त्यांनी उचलून लावला तर लागतो. – सांगली

उत्तर : त्यांना रिसीव्हर उचलून ऐकायला सांगा. डायल टोन सलग आहे की तुटक? तुटक असेल तर त्या फोनवर कुणीतरी कॉल फॉरवर्ड किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून ठेवलंय, बहुधा आधीच्या लेखापालांनी. मशीनच्या पुस्तिकेतला रद्द करायचा कोड त्याच फोनवरून दाबा. टोन सलग असेल तर बेलचा आवाज बघा. फोनच्या खालच्या बाजूला छोटी कळ असते, ती ‘ऑफ’वर असते, आणि ती कुणी केली हे कधीच कळत नाही.

प्रश्न : नवा कॉर्डलेस घेतला. फ्लॅश दाबून फोन आत द्यायला गेलं की कटच होतो. – रत्नागिरी

उत्तर : फ्लॅश म्हणजे रिसीव्हर क्षणभर ठेवून उचलल्यासारखं. तो क्षण तुमच्या कॉर्डलेसचा मोठा आहे, बहुधा ६०० मिलिसेकंद, आणि मशीनची मर्यादा त्याहून लहान असेल तर त्याला वाटतं फोन ठेवला. कॉर्डलेसच्या मेन्यूत ‘फ्लॅश टाइम’ असतो. तो १०० पासून वर चढवत जा, जिथे फोन न तुटता डायल टोन मिळेल तिथे थांबा. दुकानदाराला फोन परत करू नका.