आजोबांचा बाप्तिस्मा 1915 च्या सुमाराला वांद्र्यात झाला, पण आमच्या चर्चमध्ये नोंद नाही. कुठे शोधावी?

मातृ-पॅरिशमध्ये शोधा, म्हणजे तुमची पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला विभाग) जिच्यातून वेगळी झाली त्या जुन्या पॅरिशच्या चर्चमध्ये. वस्ती वाढली की जुन्या पॅरिशची हद्द तोडून नवी पॅरिश होते, पण जुनी रजिस्टरं मूळ चर्चमध्येच राहतात. तुमच्या पॅरिशची स्थापना 1915 नंतरची असेल, तर तिथे नोंद मिळणारच नाही.

वांद्र्यात आणखी एक गुंता आहे. 1928 पर्यंत इथे दोन धर्मसत्ता होत्या: सेंट अँड्र्यूज पोर्तुगीज पाद्रोआदोखाली (पोर्तुगालच्या आश्रयाखालची चर्चव्यवस्था), तर सेंट पीटर्स मुंबईच्या आर्चबिशपांकडे. त्यामुळे एकाच गल्लीतल्या शेजाऱ्यांच्या नोंदी वेगळ्या चर्चमध्ये असू शकतात. दोन्हीकडे अर्ज द्या.

अर्जात आजोबांचं नाव, आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, गावठाण आणि अंदाजे वर्ष लिहा. नोंदी तारखेच्या क्रमाने असतात, म्हणून वर्षाच्या मागेपुढे 2-3 वर्षं पाहायला सांगा. नुसत्या आडनावावर शोध लागत नाही. घरातलं हाकेचं नाव देऊ नका, रजिस्टरात संताचं नाव असतं, तेही बहुधा लॅटिन किंवा पोर्तुगीज रूपात. समासातला शेरा जरूर मागा, लग्न कुठे झालं ते तिथेच लिहितात.

मात्र पहिलं मूल आईच्या माहेरी जन्मलं असेल, तर बाप्तिस्माही बहुधा तिकडच्याच चर्चमध्ये झालेला असतो.