‘वेअर’ आणि ‘वो’ यांचा गोंधळ

प्रश्न : मी नुकतीच जर्मन शिकू लागले आहे. ‘वेअर’ म्हणजे ‘कुठे’ असे समजून मी वारंवार चुकते. काय करावे?

उत्तर : ही चूक इंग्रजीच्या सवयीची आहे. जर्मनमध्ये ‘वेअर’ म्हणजे ‘कोण’ आणि ‘वो’ म्हणजे ‘कुठे’. म्हणून अर्थ थेट मराठीशी जोडावा. ‘वोहेर’ (कुठून) सोपा आहे, पण ‘तू कुठे राहतोस?’ आणि ‘तू कुठे जातोस?’ यांत आपण एकच ‘कुठे’ वापरतो, तर जर्मन माणूस पहिल्यासाठी ‘वो’ आणि दुसऱ्यासाठी ‘वोहिन’ म्हणतो. खरी कसोटी ‘कोणाला’ची आहे : ‘कोणाला पाहतोस?’ यात ‘वेन’ आणि ‘कोणाला मदत करतोस?’ यात ‘वेम’ येते, त्यामुळे क्रियापद पाठ करतानाच त्याची विभक्तीही लक्षात ठेवावी. प्रश्नशब्दानंतर लगेच क्रियापद येते : ‘वो वोन्स्ट डू?’ (तू कुठे राहतोस?)