कुत्र्याला कच्चा मासा, कच्चं मांस: फ्रीझरने काय होतं आणि काय होत नाही

तुमचा प्रश्न असा: दोन वर्षांच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा कच्चा मासा आणि बाकीचे दिवस कच्चं चिकन द्यायचं आहे. तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की सगळं मरतं असं ऐकलंय, ते खरं का?

अर्धवट खरं आहे. फ्रीझर जंतांवर चालतो, तोही तापमान आणि दिवस नीट पाळले तर. बॅक्टेरिया तिथे मरत नाहीत, नुसते गप्प बसतात आणि मांस वितळलं की पुन्हा वाढायला लागतात. माशाच्या बाबतीत तर आणखी एक भानगड आहे, तिच्यावर फ्रीझरचा काहीच परिणाम होत नाही.

आधी मासा. समुद्री माशांत ॲनिसाकिस हा गोलकृमी असतो, काही माशांत टेपवर्मच्या अळ्या असतात. त्या मारायला उणे २० अंश सेल्सिअसला पूर्ण ७ दिवस लागतात. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा बहुतेक वेळा उणे १८ च्या आसपास असतो आणि दार उघडझाप झाली की वर चढतो. म्हणून थर्मामीटर ठेवून खात्री करा. दिवस मोजायचे ते मासा आतपर्यंत दगडासारखा गोठल्यापासून, पिशवी आत टाकल्यापासून नव्हे. मोठा मासा अख्खा ठेवू नका, पातळ तुकडे करा.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सॅमन आणि ट्राउटची गोष्ट वेगळी. तिथल्या माशांत नॅनोफायटस नावाचा चपटा कृमी असतो आणि त्या कृमीच्या आत निओरिकेट्सिया हा बॅक्टेरिया. मांजर तोच मासा खाऊन मजेत राहतं, कुत्रा मात्र साधारण आठवडाभरात आजारी पडतो: ताप, उलट्या, जुलाब, खाणं बंद, गळ्याखालच्या गाठी सुजलेल्या. उपचार झाले नाहीत तर बहुतेक कुत्रे दगावतात. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिन आणि प्राझिक्वांटेल या साध्या औषधांनी बरे होतात. त्या भागात नदीकाठी पडलेला मासा कुत्र्याने पळवला असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आता ती भानगड: थायमिनेज. कार्प, हेरिंग, अँचोवी अशा काही माशांत हे एन्झाइम असतं आणि ते व्हिटॅमिन बी१ तोडून टाकतं. गोठवून ते नष्ट होत नाही, शिजवून होतं. एखाद्या वेळी खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण नेमाने दिलं तर काही आठवड्यांत भूक मंदावते, उलट्या होतात, चाल डळमळते, पुढे झटके येतात. हा मासा रोजच्या जेवणात कालवून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण बाकीच्या जेवणातलं बी१ सुद्धा वाटीतच संपतं.

त्यामुळे माशाबद्दल माझं मत सरळ आहे: शिजवून द्या. आतलं तापमान ६३ अंशांवर गेलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर मांस पारदर्शक न राहता काट्यापासून सहज सुटेपर्यंत उकडा. मग काटे काढा. मीठ, कांदा, लसूण काही नको. एक अपवाद लक्षात ठेवा. ट्यूना, मॅकरेलसारखा मासा उन्हात किंवा ओट्यावर राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते ना शिजवून जातं ना गोठवून. वास बदललेला मासा टाकून द्यायचा, कुत्रा तरी खाईल म्हणून ठेवायचा नाही.

मांसाकडे वळू. ‘कुत्र्याचं पोट आम्लधर्मी असतं, त्याला काही होत नाही’ हे अनेकजण सांगतात. निरोगी मोठ्या कुत्र्याला कच्च्या मांसातला साल्मोनेला हा बॅक्टेरिया खाऊनही बऱ्याचदा काही होत नाही, हे खरं. पण तोच साल्मोनेला त्याच्या शीतून बाहेर पडत राहतो, तोंडाला लागतो आणि तेच तोंड तुमच्या हाताला. म्हणजे धोका कुत्र्याइतकाच घरातल्या माणसांना. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर कच्चं मांस नकोच. कुत्रा पिल्लू असेल किंवा प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असेल तरी नको.

कच्च्या चिकनचा आणखी एक संबंध २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात पुढे आला. कॅम्पायलोबॅक्टर हा चिकनमधला बॅक्टेरिया आणि पॉलिरॅडिक्युलोन्युरायटिस, म्हणजे मागच्या पायांपासून सुरू होऊन वर चढणारा लुळेपणा. क्वचित होतो, पण कच्च्या माना-पंख खाणाऱ्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लटपटले तर डॉक्टरांना आहार आवर्जून सांगा.

डुकराचं मांस कच्चं देऊच नका. ट्रायकिनेला हा जंत आहेच, शिवाय औजेस्की रोगाचा विषाणू कुत्र्याला भयंकर खाज आणून एक-दोन दिवसांत मारतो. रानडुकराच्या बाबतीत गोठवण्यावरही विसंबू नका, जंगली जनावरांतल्या ट्रायकिनेलाच्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत.

मेंढी-बकरीचं काळीज (यकृत) आणि फुप्फुसं यांत हायडॅटिडचे, म्हणजे एका टेपवर्मच्या अळ्यांचे, पाण्याने भरलेले पांढरट फोड असू शकतात. ते खाल्ले की टेपवर्म कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. कुत्र्याला त्याने काही जाणवत नाही, पण त्याच्या शीतली अंडी माणसाच्या पोटात गेली की तसेच फोड माणसाच्या यकृतात होतात. असे अवयव ३० मिनिटं उकळल्याशिवाय देऊ नका.

तरीही कच्चं चिकन द्यायचंच ठरवलं असेल, तर निदान एवढं करा. वितळवायचं ते फ्रिजमध्ये, ४ अंशांखाली, ओट्यावर नाही. नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांनी सगळा ओटा बाटतो. पाट आणि सुरी वेगळी, भांडं स्टीलचं. अर्ध्या तासात उरलेलं उचलून फेका. भांडं आधी साबणाने, मग पातळ ब्लीचने, आणि शी उचलल्यावर हात धुवा.

आणि नुसतं मांस म्हणजे पूर्ण आहार नाही, शिजवलं तरी. हाडांशिवायच्या मांसात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, म्हणून पिल्लांची हाडं वाकतात, मोडतात. काळीज एकूण आहाराच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर व्हिटॅमिन ए साचतं. शिजवलेली हाडं कधीच नको, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. मोठ्या जनावरांची पायाची हाडं कच्ची असली तरी दाढ फोडतात.

तुमच्या कुत्र्यासाठी माशाचे दोन दिवस ठेवा, फक्त मासा उकडून द्या. चिकनही ७४ अंशांपर्यंत शिजवा आणि बाकीच्या पोषणाचं गणित डॉक्टरांकडून आखून घ्या. आतापर्यंत कच्चं दिलं असेल तर शीचा नमुना तपासायला न्या, आणि कोणता मासा, कुठला, किती दिवस दिला हे लिहून सोबत ठेवा.