वाचलेलं सगळं विसरायला होतं, मग पुस्तकातून शहाणपण आणि धीर खरंच मिळतो का?

तुम्ही विचारलंय की पुस्तक वाचताना भारी वाटतं पण आठवड्याभरात काहीच लक्षात राहत नाही, मग ह्या वाचनाचा उपयोग काय. मला विचाराल तर उपयोग आहे, खूप आहे, फक्त तो वाचल्या वाचल्या दिसेलच असं नाही.

काही वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. पहिले काही दिवस निभावले, मग सकाळी अंथरुणातून उठवेनासं झालं, गजर बंद करायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं, असं रोज. त्याच दिवसांत कपाट आवरताना मार्कस ऑरेलियसचं 'मेडिटेशन्स' हाती लागलं, कॉलेजात असताना वाचलेलं. हा माणूस इ.स. 161 ते 180 रोमचा सम्राट होता आणि ह्या नोंदी त्याने स्वतःपुरत्याच लिहिल्या होत्या, काही तर डॅन्यूबकडच्या मोहिमेवर असताना. त्यातल्या पाचव्या भागाची सुरुवातच अशी आहे की सकाळी उठायला जिवावर आलं की स्वतःला काय सांगायचं. पांघरुणाच्या उबेत पडून राहायला बरं वाटतं हे तो कबूल करतो, मग स्वतःशीच वाद घालतो, चिमण्या, मुंग्या, कोळी, मधमाश्या बघ, सगळे आपापल्या कामाला लागलेत, आणि तू? मी ते उभ्या उभ्याच वाचलं आणि तिथेच जमिनीवर बसले. सम्राटाला पण उठवत नव्हतं! मला उपदेशापेक्षा ह्याचाच आधार जास्त वाटला.

आणि कॉलेजात मी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या त्या सगळ्या मृत्यू, कीर्ती असल्या मोठमोठ्या वाक्यांखाली. हे पान अगदी कोरं. तेव्हा मला उठायला त्रास कुठे होत होता, त्यामुळे डोळे नुसते त्यावरून फिरले असणार. म्हणून म्हणते, विसरलात म्हणजे वाया गेलं असं समजू नका, गरज पडली की तेच पान वेगळं दिसतं.

'आयुष्य बदला' टाइपच्या पुस्तकांनी मला दोन दिवस जोर येतो, मग ओसरतो. त्यापेक्षा जो स्वतः त्यातून गेलाय त्याचं वाचावं. व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल घ्या, नाझी छळछावणीत त्याच्या पुस्तकाचं हस्तलिखित गेलं, तर पुढे टायफस झालेला असताना मिळतील त्या कागदाच्या चिटोऱ्यांवर त्याने त्याचे मुद्दे परत लिहून काढायला घेतले. छावणीतल्या अनुभवांवरचं त्याचं पुस्तक आलं 1946 मध्ये. सगळं ठीक होईल असं तो कुठे म्हणत नाही, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसतो. कादंबऱ्या पण सोडू नका हं, एखादं पात्र तीनशे पानं चुकत जातं ते बघताना आपल्याच चुका आधी ओळखू येतात.

तर लगेच नवीन पुस्तक आणू नका. पाच-सात वर्षांपूर्वी वाचलेलं, आवडलेलं एखादं काढा, रोज दोन-तीन पानं, घाई न करता, आणि तेव्हा खूण न केलेली पानं जरा थांबून वाचा. माझ्या त्या कोऱ्या पानावर आता निळ्या पेनाची रेघ आहे, पेन्सिल शोधायला उठायचं पण त्राण नव्हतं त्या दिवशी.