ट्रस्ट चालू, ट्रस्टी स्वर्गात : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

तालुक्यातल्या छोट्या ट्रस्टांची कागदपत्रं बघायचं काम मी बरीच वर्षं करतोय. रुग्णांना व्हीलचेअर देणारे, वह्या वाटणारे, अभ्यासिका चालवणारे, असले ट्रस्ट. या महिन्यात जे प्रश्न आले त्यातले निम्मे मागच्याच महिन्याचे होते, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देऊन टाकतो.

गावच्या ट्रस्टला 5,000 रुपये रोख दिले, छापील पावती आहे. 80जीची (देणगीवरची आयकर) सवलत मिळेल ना?

नाही. रोख 2,000 च्या वर गेलं की त्या देणगीवर सवलत शून्य. आणि तुम्ही आयकराचा न्यू रिजीम (नवी करपद्धत) घेतला असेल तर चेकने दिलं तरी 80जी नाही. रिटर्न भरायच्या आधी सीएला विचारा, भरल्यावर मला विचारून उपयोग नाही.

पूरग्रस्तांसाठी आम्ही सोसायटीत कपडे आणि धान्य गोळा करतो, ट्रस्टकडून त्याच्या किमतीची पावती मिळेल का?

वस्तूंच्या देणगीला 80जी लागू नाही, पैशालाच आहे. ट्रस्ट पोच देईल, तिचा टॅक्ससाठी उपयोग नाही.

पण तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो, कपडे नकोत हो. 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूण-महाड, दोन्ही पुरांनंतर ट्रक भरून जुने कपडे आले, आणि आधीच चिखल उपसून दमलेल्या पोरांना ते ढीग वेगळे करत बसावं लागलं. तिथल्या एखाद्या संस्थेला फोन करायचा, काय कमी पडतंय विचारायचं, आणि तेवढंच पाठवायचं. बरेचदा उत्तर येतं की झाडू, फिनेल, चादरी, नाहीतर सरळ पैसे पाठवा. आणि एक्स्पायरीला आलेली औषधं तर कृपा करून कोणाला पाठवू नका.

आमच्या वैद्यकीय मदत ट्रस्टचे संस्थापक काका 2017 मध्ये गेले, नंतर खजिनदारही गेले. काम मात्र व्यवस्थित चालू आहे, मुलगा बघतो सगळं. बँक आता एफडी मोडून देत नाही, बँकेवर तक्रार कुठे करायची?

तक्रार बँकेवर कशाला? तुम्ही चेंज रिपोर्ट भरलाय का? प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही म्हणजे भरलेला नाही, हे मी डोळे मिटून सांगतो.

नीट वाचा, आणि इतर ट्रस्टवाल्यांनीही वाचा, कारण दर महिन्याला हेच येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950, त्याचं कलम 22. ट्रस्टी गेला, राजीनामा दिला, नवीन निवडला, पत्ता बदलला, जागा घेतली, काहीही बदल झाला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. तो मंजूर झाला की शेड्यूल वनवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, नवीन नावं चढतात. बँक ते शेड्यूल वन बघते. तुमचा मुलगा किती चांगला आहे, रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स घेऊन कसा धावतो, हे बँकेला दिसत नाही, तिला दिसतात दोन मयत माणसांच्या सह्या.

माझ्या बघण्यात एक ट्रस्ट होता, फार चांगलं काम, कॉट, वॉकर, ऑक्सिजन मशीन सगळं फुकट वापरायला द्यायचे, सातपैकी पाच ट्रस्टी वारलेले आणि शेड्यूल वनवर सातही जण ठणठणीत. खात्यावर पैसे होते पण सही करणारा कोणी नाही, ॲम्ब्युलन्सचा इन्शुरन्स संपला, गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच, आणि डायलिसिसला जाणारे पेशंट रिक्षाला पैसे मोजत बसले. ट्रस्टकडे पैसे नव्हते असं नाही, मदत अडली ती एका न भरलेल्या कागदापायी.

लोक म्हणतात, वकील म्हणाला काही घाई नाही, कमिटीच्या पुढच्या इलेक्शनला एकदमच भरू. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एक रिपोर्ट राहिला की पुढचे सगळे त्यामागे अडकतात, कारण जुनी कमिटीच रेकॉर्डवर नसेल तर तिने निवडलेली नवीन कमिटी कुठून आली हे सिद्ध करत बसावं लागतं, मग त्या वेळच्या सभेची नोटीस सापडत नाही, प्रोसिडिंग बुक (सभेच्या इतिवृत्ताची वही) कोणाच्या तरी माळ्यावर असतं, आणि एखाद्या नाराज पुतण्याने हरकत घेतली की पुढची काही वर्षं तारखा.

तुमच्यासाठी आत्ता: मृत्यूचे दाखले काढा, ट्रस्टची घटना म्हणजे नियमावली शोधा (झेरॉक्स नाही, मंजूर झालेली प्रत), त्यात ट्रस्टी कसा नेमायचा लिहिलंय ते बघा, सभांचे ठराव गोळा करा, उशीर माफीच्या अर्जासह रिपोर्ट दाखल करा. रेकॉर्डवरचा एकही ट्रस्टी हयात नसेल तर रस्ता वेगळा आहे, याच कायद्याच्या कलम 47 खाली नवीन ट्रस्टी नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो. पण हे सगळं ट्रस्टची कामं करणाऱ्या वकिलाकडे फाइल घेऊन बसून करा, माझ्या चार ओळी वाचून घरी ड्राफ्टिंग करू नका. आणि याच आठवड्यात जा.

एक जण म्हणतो सीएसआरमधून (कंपन्यांचा समाजकामासाठीचा निधी) 25 लाख आणून देतो, त्याला आधी 50,000 प्रोसेसिंग आणि नंतर 10 टक्के. द्यावे का?

नको. पैसे आधी मागितले तिथेच कळायला हवं होतं.

कंपन्यांना फंड देताना तुमचं 12ए (ट्रस्टच्या उत्पन्नावरची करमाफी), 80जी आणि सीएसआर-1 (सीएसआर घेणाऱ्या संस्थेची नोंदणी) रजिस्ट्रेशन लागतं. सीएसआर-1 हा ऑनलाइन फॉर्म आहे, त्याला सरकारी फी नाही, सीए किंवा सीएसची (कंपनी सेक्रेटरी) पडताळणी लागते, त्यांची फी काय ती द्या. ट्रस्टची साधारण तीन वर्षांच्या कामाची पार्श्वभूमीही बघतात, ती कुठलाही एजंट विकत देऊ शकत नाही. जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीत स्वतः जा, कोणत्या शाळेत किती मुलींना सायकल हवी याची यादी घेऊन जा, त्याचा परिणाम एजंटपेक्षा जास्त होतो.

धर्मादाय हॉस्पिटलमध्ये गरिबांना सगळं फुकट असतं असा मेसेज आलाय. वडील ॲडमिट आहेत, उद्या डिस्चार्ज, बिल पावणेदोन लाख. काय करू?

आज, आत्ता, हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करकडे जा. मेसेज अर्धाच खरा आहे. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, अशी ती योजना आहे, त्यासाठी हॉस्पिटल बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या फंडात टाकतं. उत्पन्नाची मर्यादा आहे, निर्धनसाठी वर्षाला 1,80,000 आणि दुर्बलसाठी 3,60,000. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. ते ॲडमिट होतानाच द्यायचं असतं, बिल हातात आल्यावर नाही. तरीही लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकार दिला तर धर्मादाय कार्यालयात जा. गावातला ट्रस्ट उरलेल्या रकमेत थोडीफार भर घालू शकतो, पण त्यांनाही इस्टिमेट आधी लागतं.

आम्ही दहा मित्र वर्गणी काढून अभ्यासिका चालू करतोय, रजिस्ट्रेशनची भानगड नको आहे. चालेल?

सार्वजनिक वर्गणीला परवानगी लागते, वर सांगितलेल्या विश्वस्त कायद्याचं कलम 41सी, गणपती मंडळं घेतात तीच. कायमचं काम असेल तर रजिस्टर करा. किंवा तालुक्यात आधीच असलेल्या ट्रस्टकडे जा, त्यांच्याकडे नाव आहे आणि पोरं नाहीत, तुमच्याकडे पोरं आहेत. फक्त त्यांचा चेंज रिपोर्ट आधी विचारा.

आईची हॉस्पिटल कॉट आणि एअर बेड ट्रस्टला द्यायचाय, कसा द्यावा?

आधी फोन करा, जागा असते असं नाही. कॉटचा हँडल फिरतो का बघा, गादी धुवून वाळवून द्या. आणि एअर बेडचा पंप घरी विसरू नका, लोक हमखास विसरतात आणि मग तो बेड कपाटावर पडून राहतो.