पीसीओडी आहे, काढे पिऊन कंटाळले. राहणीमान बदलून खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय २९, वजन ६८ किलो, लग्नाला अडीच वर्षं, मूल हवंय पण दिवस राहत नाहीत, पाळी ४०-५० दिवसांनी, सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशयातून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास). सासूबाई उपाशीपोटी काढा देतात, नणंद म्हणते भात सोड, आणि यातलं करायचं काय ते कोणीच धड सांगत नाही.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात एका लॅबमध्ये १४ वर्षं रक्त काढते. तुमच्यासारख्या बायका रोज समोरच्या खुर्चीत बसतात, आणि एकदा त्या खुर्चीत मीही बसले होते. त्यावरून सांगते.

आधी ‘गाठी’ हा शब्द डोक्यातून काढा. सोनोग्राफीत माळेसारखे दिसतात ते स्त्रीबीज वाढवणारे बारीक कोश असतात, वाढता वाढता मध्येच थांबलेले. नुसत्या सोनोग्राफीवर निदानही होत नाही. लांबलेली पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण (हनुवटीवर केस, मुरमं किंवा रक्ताचा रिपोर्ट) आणि सोनोग्राफी, या तिन्हींतल्या दोन गोष्टी लागतात. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारा हार्मोन) तपासून ती कारणं बाजूला काढावी लागतात.

कोश का थांबतात? बऱ्याच जणींत मूळ इन्सुलिनमध्ये, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनमध्ये असतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी ओततं. अंडाशयाला हे जादा इन्सुलिन म्हणजे टेस्टोस्टेरॉन (तोच पुरुषी हार्मोन) बनवायचा हुकूम. तिकडे यकृत टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं. मग कोश अडतो, बीज सुटत नाही आणि पाळी लांबते. राहणीमानाचा जोर चालतो तो इथेच, इन्सुलिनवर. तुमच्या वजनात ५ टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. एवढं उतरलं तरी अनेकींचं बीज पुन्हा सुटायला लागतं. २० किलोचं स्वप्न बघून दुसऱ्या आठवड्यात जिम सोडू नका.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा ‘रोज चाला’ म्हणणं ही थट्टाच. रात्री जेवण झाल्यावर १५ मिनिटं चाला, गल्लीत किंवा गच्चीवर. जेवणानंतर चालते पाय रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्याला जादा इन्सुलिन लागत नाही. आठवड्यातून दोनदा वजन उचलायचा व्यायाम करा. (नळाला पाणी येतं त्या दिवशी तो आपोआप होतो म्हणा, पण आपल्याकडे पाणी रोज कुठे येतं!)

भात सोडू नका, कमी करा. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ‘ज्वारीचीच आहे’ म्हणत चार खाल्ल्या तर हिशेब तोच. आपल्या ताटात उणीव असते प्रथिनांची. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर जेवण उरकायची सवय मलाही आहे. त्याच्याजोडीला वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ, दही किंवा अंडं घ्या. आणि रात्री ११ चं जेवण ९ च्या आत आणा.

आता माझी गोष्ट, कारण ‘लाइफस्टाइल’ शब्द ऐकला की बायका उलट्या दिशेला पळतात. २०२१ साली कोविडमुळे मला सलग नाइट ड्यूटी लागली. सोमवार-गुरुवार उपास, इतर दिवशी एक वेळचा डबा, बाकी चहा. वजन ४४ वर आलं आणि पाळी आधी ५० दिवसांवर गेली, मग बंदच झाली. मी स्वतःच पीसीओडी ठरवून उपास आणखी कडक केले! सोनोग्राफी स्वच्छ निघाली, एलएच (अंडाशयाला कामाला लावणारा मेंदूकडचा हार्मोन) आणि इस्ट्रोजेन (अंडाशयाचा स्त्री-हार्मोन) मात्र तळाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुझ्या मेंदूला वाटतंय दुष्काळ पडलाय, मग तो अंडाशयाला कशाला कामाला लावेल?” दोन्ही उपास सुटले, रात्रीची झोप परत मिळाली, वजन ४९ झालं आणि चौथ्या महिन्यात पाळी आली. तेव्हा बारीक बाईची पाळी बिघडली असेल तर वजन कमी करायचा सल्ला घात करतो. तुमचं तसं दिसत नाही, पण उपाशी राहून वजन उतरवू नका. उपासाच्या साबुदाण्यात निव्वळ स्टार्च असतो, तो तर इन्सुलिनला आमंत्रणच.

आमच्या काउंटरवरच्या दोन गोष्टी. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडच्या रक्तासाठी येण्याआधी सांगा. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा) खोटा कमी दिसतो. आणि ॲसिडिटीवर पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल रोज घेत असाल तर तेही सांगा, डोमपेरिडोननं प्रोलॅक्टिन वाढतं. रात्री उशिरा झणझणीत खायचं, सकाळी कॅप्सूल गिळायची, मग प्रोलॅक्टिन वाढलं म्हणून घाबरायचं, असं मी कितीदा पाहिलंय. काढ्यात काय काय आहे तेही डॉक्टरांना सांगा. सासूबाईंना वाईट वाटू द्यायची गरज नाही.

मिश्री लावता का, तेही खरं सांगा. इथे घरोघरी मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळतात, हजाराच्या हिशेबानं मजुरी, दिवसभर बैठक आणि नाकातोंडात तंबाखूची धूळ. त्यांना ‘राहणीमान बदला’ सांगायला माझी जीभ रेटत नाही, तो त्यांचा रोजगार आहे. मिश्री मात्र सोडता येते, आणि गर्भ राहण्याआधीच सोडावी. तंबाखूमुळे बाळाचं वजन कमी भरतं.

सगळ्यात महत्त्वाचं. ‘आधी सहा महिने वजन कमी करा, मग बघू’ असं कोणी सांगितलं तर थांबू नका. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासण्या करतात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. तुमची तर अडीच वर्षं झाली. चालणं-जेवण आणि डॉक्टर, दोन्ही एकदमच सुरू करा. बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या साध्या गोळ्या आहेत. गर्भाशयाच्या नळ्या बंद असतील (आपल्याकडे टीबीमुळेही होतात) तर कितीही चाललात तरी त्या उघडणार नाहीत. फॉलिक ॲसिड आत्तापासून विचारून घ्या. आणि पाळी तीन महिने आलीच नाही तर वाट बघू नका, गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं चांगलं नाही.

तुमच्या अख्ख्या प्रश्नात नवऱ्याचा उल्लेख एकदाही नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाचाही वाटा असतो. वीर्यतपासणी स्वस्त असते, सुई टोचत नाही, तरी बाईच्या दहा तपासण्या झाल्यावर हा गृहस्थ येतो, तोही मित्राचं नाव सांगून. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा. गुटखा चालू असेल तर आजच बंद करा, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, सुधारणा त्यानंतरच्या रिपोर्टमध्ये दिसेल. नमुना घरून आणणार असतील तर तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. बाटली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायला सांगा, गाडीच्या डिकीत नको. मे महिन्यात आपल्याकडे डिकीत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.